दुर्वाची झोप कुणी अडवली?

दुर्वाचा हात थरथरत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता.

काम तसं अगदी सोपं होतं. मोहरीची इवलीशी रोपं चिमट्याने उचलायची आणि मातीतल्या खाचेत अलगद ठेवायची. याआधी तिने अशी ढीगभर रोपं लावली होती. आज मात्र चिमट्याचं टोक सारखं हलत होतं. पहिल्या रोपाची मान मोडली, मग दुसऱ्याची. तिसरं तर हातातून निसटून पायाखालीच गेलं. दुर्वाने आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तिने मोडलेली रोपं मातीत दाबून टाकली, चिमटा जागेवर ठेवला आणि दोन्ही हात स्वेटरच्या खिशात कोंबले.

हात लपवता आले, पण छातीतली धडधड कुठे लपवणार?

एकविसावं शतक अर्धं उलटून गेलं होतं. पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे, अंटार्क्टिकाच्या बर्फावर ‘अगस्त्य’ नावाची संशोधकांची वसाहत उभी होती. अकरा वर्षांची दुर्वा शेट्ये आईबाबांबरोबर देवरुखहून तिथे राहायला आली होती. तिची आई, मेघना, बर्फाचा अभ्यास करायची. बर्फात खोल भोक पाडून ती त्याचे लांबलचक दांडके बाहेर काढायची आणि त्यांच्यात अडकलेली हजारो वर्षांपूर्वीची हवा तपासायची. बाबा, म्हणजे सुहास शेट्ये, बर्फावर चालणाऱ्या गाड्यांची देखभाल करायचे. मुलाला बरोबर आणायची परवानगी इथे पहिल्यांदाच मिळाली होती. दुर्वा ही अगस्त्यमधली पहिली आणि एकुलती एक मुलगी.

त्याचंच तर तिला ओझं झालं होतं. येण्याआधी तिची खूप तपासणी झाली होती आणि एक नियम सांगितला होता: मुलाची तब्येत बिघडली तर पुढच्या जहाजाने त्याने परत जायचं, आणि आई किंवा बाबांपैकी एकाने सोबत जायचं. जहाज आता किनाऱ्याला लागलं होतं. ते निघण्याआधी सगळ्यांची तपासणी व्हायची होती. आईचं यंत्र कुठे आता तिला हव्या असलेल्या जुन्या बर्फापर्यंत पोचलं होतं. अशा वेळी दुर्वाच्या हृदयात दोष निघाला तर?

दोष आहेच, अशी तिची खात्री झाली होती. देवरुखच्या आत्यालाही अशीच धडधड व्हायची आणि पुढे तिचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. दुर्वाने याबद्दल कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं तिला वाटत होतं.

दुसरं दुखणं सगळ्यांना माहीत होतं. दुर्वाला झोप येत नव्हती.

अंटार्क्टिकावर उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. पृथ्वीचा अक्ष (ज्या कल्पित रेषेभोवती ती गिरकी घेते ती रेषा) कललेला असल्यामुळे त्या दिवसांत दक्षिण टोक सतत सूर्याकडे झुकलेलं असतं. सूर्य आकाशात गोल गोल फिरत राहतो, आणि घड्याळात रात्र झाली तरी बाहेर लख्ख ऊन. त्यामुळे दुर्वाला झोप का येत नाही, याचं उत्तर सगळ्यांनी झटकन देऊन टाकलं होतं: सूर्यामुळे. बाबांनी तिच्या खिडकीला काळं कापड लावलं, फटींमध्ये जुने मोजे खुपसले. खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार झाला. दुर्वा त्या अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहायची. आईबाबांना त्याच घरात, त्याच सूर्याखाली छान झोप लागायची. मग तिलाच का नाही?

सकाळी डोकं जड व्हायचं, अभ्यासात डुलकी यायची. त्यावर तिने उपाय शोधला होता. भोजनघरात बल्लव नावाचा यंत्रमानव स्वयंपाक करायचा. त्याच्याकडे जाऊन ती कॉफी मागायची. कॉफी पोटात गेली की थोड्या वेळात डोळे उघडायचे, अक्षरं स्थिर व्हायची. दुपारी पुन्हा पेंग आली की चहा.

सुरुवात झाली ती साध्या गोष्टीपासून. अगस्त्यमध्ये चहाची वेळ ही दिवसातली सगळ्यात छान वेळ. बाहेर काम करून आलेली माणसं मोठमोठे पेले हातात धरून लांब टेबलाभोवती बसायची आणि गप्पांना ऊत यायचा. कुणाची गाडी बर्फाच्या भेगेत अडकली, कुणाच्या मागे पेंग्विन लागले, सगळं तिथेच कळायचं. दुर्वाला मात्र भुकटीच्या दुधाचा पेला देऊन बाजूच्या छोट्या टेबलावर बसवायचे. एकदा कुणीतरी तिला मोठ्या टेबलाशी बोलावलं आणि म्हणालं, ‘घे गं घोटभर, थंडी पळेल.’ तो चहा गोड होता आणि वाफेला आल्याचा वास होता. खरी गोडी होती ती तिथे बसण्याची. त्या दिवसापासून तिने दूध सोडलं.

तपासणीचा दिवस उजाडला. आपण सुस्त दिसता कामा नये म्हणून तिने सकाळी एकामागून एक दोन पेले कॉफी घेतली. मग कळलं की वादळ येतंय, बाहेरची यंत्रं बांधून ठेवायची आहेत, म्हणून तपासणी दुपारी होणार. दुपारपर्यंतचा वेळ तिला खायला उठला. मनगटावरचा पट्टा (माणूस कुठे आहे आणि त्याच्या हृदयाचे ठोके किती पडतायत हे दाखवणारं यंत्र) सारखा तांबडा होऊन लुकलुकत होता. कुणी पाहिलं तर संपलंच.

शेवटी ती बाहेरच्या दाराजवळ गेली. तिथे सगळ्यांचे जाड कोट टांगलेले असत, खाली बूट रांगेत ठेवलेले. तिने मनगटपट्टा काढला, आपल्या बुटाच्या आत खोल सरकवला आणि पावलांचा आवाज न करता हरितगृहात (बंद खोलीत दिव्यांच्या उजेडावर भाजीपाला वाढवतात त्या जागी) गेली. मातीच्या पोत्यांमागे एक कोपरा होता. उबदार, ओलसर, घरच्या परसासारख्या वासाचा. तपासणी संपेपर्यंत इथेच बसायचं, असं तिने ठरवलं. पुढचं काहीच ठरवलं नव्हतं.

सकाळची तरतरी उतरत चालली होती. तिने पोत्याला डोकं टेकवलं. आणि इतके दिवस हाका मारून न आलेली झोप तिच्यावर दरड कोसळावी तशी कोसळली.

कुणीतरी खांदा हलवत होतं. दुर्वाने कसेबसे डोळे उघडले. समोर पांढऱ्या भुवयांचे हेगिष्टे आजोबा गुडघे टेकून बसले होते. डॉक्टर हेगिष्टे हे अगस्त्यचे डॉक्टर. त्यांनी सारा जन्म मेंदूचा अभ्यास केला होता. दुर्वा त्यांना आजोबा म्हणायची. त्यांचा चेहरा तिने इतका गंभीर कधी पाहिला नव्हता.

“ऊठ बाळ,” ते म्हणाले. “तुझे बाबा तुला शोधायला बाहेर गेलेत.”

दुर्वाला आधी काही कळेना. मग भिंतीपलीकडचा आवाज तिच्या कानांत शिरला. वारा घोंघावत नव्हता, तो सलग, एकसुरात ओरडत होता.

बाहेरच्या दारापर्यंत जाताना आजोबांनी तिला झालेली हकीकत सांगितली. तपासणीला ती आली नाही म्हणून शोधाशोध सुरू झाली. सगळीकडच्या कर्ण्यांवरून बल्लवने तिला हाका मारल्या. तिचा मनगटपट्टा बाहेरच्या दारापाशी असल्याचं दिसत होतं, मात्र त्यावर ठोके उमटत नव्हते. तेवढ्यावरून एकच अर्थ निघाला. पोर बाहेर गेली. तिचा कोट आणि बूट जागेवरच आहेत, हे घाईत कुणी पाहिलंच नाही. बाबा कुणाचं ऐकायला थांबले नाहीत. कमरेला दोर बांधून ते वादळात शिरले. दोराचं दुसरं टोक दाराशी आई धरून उभी होती.

दुर्वाला पाहिल्यावर आईने एक हात पुढे करून तिला जवळ ओढलं. दुसऱ्या हातातला दोर मात्र तिने सोडला नाही. तिच्यामागे अगस्त्यच्या प्रमुख नसीम मुल्ला, ज्यांना सगळे नसीमताई म्हणत, रेडिओवर पुन्हा पुन्हा बाबांचं नाव घेत होत्या. रेडिओतून नुसती खरखर येत होती. दाराच्या काचेबाहेर पांढऱ्या रंगाशिवाय काही नव्हतं. जमीन नाही, आकाश नाही.

ठरलेली खूण होती: मूल सापडलं की दोराला तीन झटके द्यायचे. आईने ते दिले. दोर सैलच राहिला. तिने पुन्हा दिले. दुर्वाही दोराला लटकली आणि जीव खाऊन ओढू लागली. तिला वाटत होतं, आपल्यात हृदयाचा दोष असेल तर असू दे, जहाजाने एकटीला पाठवलं तरी चालेल, पण बाबा दारात दिसू देत.

बऱ्याच वेळाने दोर ताणला गेला. मग पांढऱ्यातून एक करडा डाग उमटला, त्याला हातपाय फुटले आणि बाबा दारातून आत कोसळले. त्यांच्या दाढीवर बर्फ गोठला होता. उजव्या हातमोज्यात बर्फ शिरून बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. दुर्वाला बघून ते जमिनीवरच बसून राहिले.

“आहेस ना तू,” एवढंच ते म्हणाले, आणि तिला रडू फुटलं.

त्यानंतर दवाखान्यात सगळे गोळा झाले. बाबांची बोटं कोमट पाण्यात बुडवून ठेवली होती. आजोबांनी तपासून सांगितलं की बोटं वाचतील, दुखतील मात्र बरेच दिवस. ते ऐकल्यावर दुर्वाला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं: थरथर, धडधड, आत्याचं ऑपरेशन, बुटात दडवलेला पट्टा. आई ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. आपली मुलगी इतके दिवस एवढी घाबरलेली होती आणि आपल्याला पत्ताही लागला नाही, हे तिला सहन होत नव्हतं.

आजोबांनी दुर्वाच्या छातीला तारा जोडून हृदयाचा आलेख (ठोक्यांची चढउतार दाखवणारी रेघ) काढला. आजोबा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले.

“ठोके जलद आहेत, पण त्यांची घडण नीट आहे,” ते म्हणाले. “मला दुसराच संशय आहे. तू हरवलीस तेव्हा मी बल्लवला विचारलं, पोरीने आज काय खाल्लं-प्यालं? त्याच्या उत्तराने मी चकित झालो. इतकी कॉफी घेणाऱ्या माणसाची झोप तुंबलेली असणार. आणि कॉफी उतरली की तो असेल तिथे आडवा होणार. म्हणून मी बाहेर न बघता उबेची जागा शोधली.”

आई म्हणाली की दुर्वा तर तिच्याबरोबर सकाळचा एकच कप घेते. बाबांनाही ती दुपारी त्यांच्याबरोबर एकच कप घेते एवढंच ठाऊक होतं. नसीमताईंनी तिला संध्याकाळी पिताना पाहिलं होतं. प्रत्येकाला आपल्यासमोरचा कप तेवढा माहीत होता. बल्लवला विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला की जो मागेल त्याला चहा-कॉफी द्यावी अशी त्याला सूचना आहे, मोठ्यांना वेगळं आणि मुलांना वेगळं असं कुणी सांगितलेलं नाही. आणि ते खरंच होतं. इथे मूलच नव्हतं, तर नियम कोण करणार?

“चहाने कुणाची झोप जाते का?” दुर्वाने विचारलं. “चहा तर सगळेच पितात.”

आजोबांनी स्टूल पुढे ओढलं. “देवरुखच्या स्टँडवर एस.टी. लागली की लोक काय करतात?”

“खिडकीतून रुमाल टाकतात. जागा धरायला.”

“बरोबर. आता तुझा मेंदू म्हणजे ती एस.टी. समज.”

मग त्यांनी सावकाश समजावलं. मेंदू दिवसभर काम करतो. त्यात ऊर्जा खर्च होते आणि मागे अ‍ॅडेनोसिन (ऊर्जा वापरली गेली की तयार होणारा एक पदार्थ) साठत जातो. हे अ‍ॅडेनोसिनचे कण म्हणजे प्रवासी. मेंदूच्या पेशींवर त्यांच्यासाठी बसायच्या जागा असतात. त्यांना ग्राही (ठरावीक आकाराच्या पदार्थालाच बसू देणारी पेशीवरची जागा) म्हणतात. सकाळी गाडी रिकामी असते. दिवस जाईल तसे प्रवासी चढतात, बसतात. जितके जास्त बसतील तितका मेंदू मंदावतो, आणि रात्री जागा भरल्या की आपल्याला झोप येते. झोपेत मेंदू ही गाडी रिकामी करतो, म्हणून सकाळी ताजंतवानं वाटतं.

“चहा-कॉफीत कॅफीन (मेंदूला तरतरी आणणारा पदार्थ) असतं,” आजोबा म्हणाले. “त्याचा आकार अ‍ॅडेनोसिनसारखा, त्यामुळे ते त्याच जागांवर जाऊन पडतं. पण ते म्हणजे नुसता रुमाल. प्रवाशाचं काम ते करत नाही, फक्त जागा अडवतं. जागा भरल्याचं मेंदूला कळतच नाही. त्याला वाटतं, आपण ताजे आहोत.”

दुर्वा विचारात पडली. “पण मग खरे प्रवासी कुठे जातात?”

“तूच सांग.”

“उतरत नसतील. उभे राहत असतील गाडीत.” ती बोलता बोलता थांबली. “आणि आणखी चढत असतील. मग रुमाल काढला की सगळे एकदम बसतात. म्हणून मी पोत्यामागे तशी झोपले.”

आजोबांच्या भुवया वर गेल्या. बाबा पाण्यात बोटं ठेवून ऐकत होते, तेही जरा हसले.

कॅफीन थकवा घालवत नाही, ते थकव्याला उभं ठेवतं, असं आजोबांनी सांगितलं. शिवाय हा रुमाल लवकर निघत नाही. पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, उरलेल्याचं निम्मं व्हायला पुन्हा तेवढेच. संध्याकाळी घेतलेला कप झोपायच्या वेळीही मेंदूत ठाण मांडून असतो. मग झोप लागत नाही, सकाळी पेंग येते, पेंग घालवायला पुन्हा कॉफी, आणि त्या कॉफीने पुन्हा झोप नाही. दुर्वा त्याच चक्रात सापडली असावी. अ‍ॅडेनोसिन हृदयालाही शांत ठेवतं. कॅफीन त्याला तिथेही अडवतं आणि शरीराला सावध करणारे रस वाढवतं, म्हणून धडधड आणि थरथर.

“पण आईही तेवढाच चहा पिते,” दुर्वा म्हणाली. “तिला काही होत नाही.”

आजोबा म्हणाले, “पातेलंभर आमटीत चमचाभर मीठ घातलं तर चव येते. तेवढंच मीठ वाटीभर आमटीत घातलं तर?”

“खारट जहर.”

“आईचं वजन तुझ्या दुप्पट आहे. कप तोच, पण तुझ्या वाटीत तो जड पडतो. आणि तुझा मेंदू, तुझी हाडं अजून बांधली जातायत. गाढ झोपेतच शरीर वाढतं आणि दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं होतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातलं टॅनिन (चहाला तुरट चव देणारा पदार्थ) अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही.” मग ते पुढे म्हणाले, “मी मात्र अजून ‘असावं’ असंच म्हणतोय. हा माझा अंदाज आहे. अंदाज खरा की खोटा, ते तपासावं लागतं.”

नसीमताईंनी जहाजाची आठवण करून दिली. वादळामुळे ते थोडे दिवस अडकणार होतं, पण ते निघण्यापूर्वी त्यांना कळवावंच लागणार होतं की दुर्वा राहणार की जाणार. नियम त्यांना मोडता येत नव्हता. आईने मान हलवली. तिने दुर्वाचा हात धरून ठेवला होता.

तपासायची रीत साधी होती. बाकी सगळं आहे तसंच ठेवायचं: तीच खोली, तोच सूर्य, तेच जेवण, त्याच झोपायच्या वेळा. बदलायची फक्त एकच गोष्ट, चहा-कॉफी बंद. दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला हे सांगता येत नाही. आजोबांनी आधीच बजावलं की सुरुवातीला डोकं दुखेल, चिडचिड होईल. अंगाला लागलेली सवय सुटताना कुरकुर करते. त्याने घाबरायचं नाही.

तरी दुर्वा घाबरली. दुसऱ्याच दिवशी तिचं कपाळ ठणकायला लागलं. अभ्यासात पेंग आली आणि तिला उठवायला आता कॉफी नव्हती. बाबांना एका हाताने बटणं लावताना पाहिलं की ती पुढे होऊन उरलेली लावून द्यायची. धडधड तशीच होती, की जास्त झाली होती? ती क्षणाक्षणाला मनगटपट्ट्याकडे बघायची. आकडा बघितल्यावर भीतीनेच तो आणखी वाढायचा. शेवटी आजोबांनी पट्ट्याच्या काचेवर चिकटपट्टी लावली आणि सांगितलं की बघायचं काम त्यांचं. वादळ कमी होत होतं. म्हणजे जहाज निघायची वेळ जवळ येत होती. आईने यंत्राची काही कामं दुसऱ्यांना समजावून द्यायला सुरुवात केली होती. ती त्याबद्दल काही बोलत नव्हती, पण दुर्वाला ते दिसत होतं.

याच काळात नसीमताईंनी सगळ्यांना बोलावलं. मुलांना इथे चहा-कॉफी द्यायची की नाही, हे ठरवायचं होतं. काहींचं म्हणणं पडलं की सरळ बंदी करावी. एकजण म्हणाला की आम्ही लहानपणापासून चहात बुडवून पोळी खाल्ली, आम्हाला काय झालं? आजोबांनी त्यावर शांतपणे सांगितलं की एखाद्या दिवशी घोटभर चहा घेतला तर आभाळ कोसळत नाही. पण मुलांनी रोज प्यावं असं चहा-कॉफीत काही नाही, आणि न पिण्याने त्यांचं काही अडतही नाही. मोठ्यांनीही दुपारनंतर हात आखडता घ्यावा.

मग नसीमताईंनी दुर्वाला विचारलं, तिला काय वाटतं. सगळ्यांच्या माना वळल्या.

“बंदी करा,” ती म्हणाली. “पण मी चहासाठी चहा पीत नव्हते. दुधाचा पेला दिला की मला त्या छोट्या टेबलावर बसायला लागायचं. चहा घेतला की तुमच्यात बसू द्यायचात.”

सगळ्यांत आधी बाबा उठले. दुखऱ्या हाताने त्यांना ते छोटं टेबल उचलता येईना, म्हणून आईने दुसरी बाजू धरली. दोघांनी ते उचलून कोठारात नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून मोठ्या टेबलाशी दुर्वाची खुर्ची आली. हरितगृहातला गवती चहा उकळून त्यात दूध-गूळ घालून बल्लव तिला देऊ लागला. त्याला चहा म्हणतात खरा, पण ते नुसतं सुवासिक गवत, त्यात कॅफीन नसतं, म्हणून आजोबांच्या तपासणीला त्याची अडचण नव्हती. नसीमताई आणि आणखी दोघं-तिघं संध्याकाळी तोच मागू लागले. बल्लवला नवी सूचना मिळाली: मुलांना चहा-कॉफी द्यायची नाही, आणि कुणी मागितलीच तर आईबाबांना सांगायचं.

डोकेदुखी ओसरली. एका सकाळी आईला दुर्वाला हलवून उठवावं लागलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते हरितगृहात. चिमट्यात मोहरीचं रोप होतं आणि ते हलत नव्हतं. तिने ते खाचेत ठेवलं, मग दुसरं, मग अख्खी रांग. ती तशीच धावत दवाखान्यात गेली आणि दोन्ही हात आजोबांपुढे धरले.

आजोबांनी पुन्हा तारा जोडल्या, नवी रेघ काढली आणि जुनीच्या शेजारी ठेवली. जुन्या रेघेवरची टोकं दाटीवाटीने उभी होती. नवीवर ती ऐसपैस, सारख्या अंतराने होती.

“खोली तीच, सूर्यही तोच,” आजोबा म्हणाले. “बदललं ते एकच. तुझ्या हृदयात काही दोष नाही, दुर्वा.”

तिने ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग आईला बोलावून आणलं आणि तिच्यासमोर आणखी एकदा.

नसीमताईंनी जहाजावर निरोप पाठवला की अगस्त्यमधून कुणीही परत जात नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात ज्या कुटुंबांना यायचं आहे त्यांनी मुलांना खुशाल आणावं. त्या मुलांना सूर्य, झोप आणि कॅफीन यांबद्दल कुणीतरी सांगायला हवं होतं. ते काम दुर्वाकडे आलं. आपल्याला ते जमेल का, याची तिला लगेच काळजी लागली. आजोबा म्हणाले की झोपेबद्दल माणसाला अजून पुष्कळ काही कळलेलं नाही. सगळी उत्तरं असलेला माणूस नकोच, प्रश्न विचारणारा हवा. एखाद्या दिवशी माणसं याहून लांब, याहून विचित्र दिवस-रात्री असलेल्या जागी जातील. तिथे कसं झोपायचं, हे अशाच कुणीतरी शोधून काढलेलं असेल.

जहाज निघायच्या दिवशी त्याला हात करायला जायचं, असं दुर्वाने ठरवून ठेवलं होतं. सूर्य बर्फावर झगमगत होता. जेवण झाल्यावर ती थोडा वेळ टेकायला म्हणून पलंगावर पडली. खिडकीवरचं काळं कापड लावायचंही राहून गेलं होतं.

किनाऱ्यावरून जहाजाचा भोंगा वाजला. बाबा तिला उठवायला दारात आले. उन्हाचा चौकोन तिच्या तोंडावर पडला होता, आणि त्यातही ती गाढ झोपली होती. बाबांनी ओठांवर बोट ठेवून आईला मागेच थांबवलं. भोंगा पुन्हा वाजला, मग लांब गेला, आणि दुर्वाने नुसती कूस बदलली.